'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठी

कोड्यांचे गेम खेळून बघायचेत पण सुरुवात कुठून करू, असं कोणी विचारलं की मी 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन'चं नाव घेतो. नाव घेतल्यावर लगेच दोन-चार गोष्टी बजावतो, कारण चुकीच्या पद्धतीने खेळलात तर हा गेम फार कंटाळवाणा होऊ शकतो. तो काही शिकवत नाही, कुठे जायचं ते दाखवत नाही आणि अडलात तर तोंडातून चकार शब्द काढत नाही. या हट्टामुळेच तो मोठा गेम झाला आहे आणि याच हट्टामुळे काही ठिकाणी तो खेळणाऱ्याला विनाकारण छळतो. म्हणून हा लेख: कसा खेळावा, कुठे रेंगाळावं, आणि कुठे दोष गेमचा असतो, तुमच्या डोक्याचा नाही.

उत्तरं फोडणार नाही. उदाहरणासाठी फक्त अगदी पहिला प्रसंग घेतला आहे, तो गेम सुरू केल्यावर काही मिनिटांत तुम्हाला दिसतोच.

आधी थोडी ओळख

गेम बनवणारा माणूस एकच, लुकस पोप. मोठ्या स्टुडिओत काम करून बाहेर पडलेला हा अमेरिकन प्रोग्रामर जपानमध्ये राहतो. सीमेवरच्या तपासनीसाचं काम करायला लावणारा 'पेपर्स, प्लीज' हा त्याचा २०१३ मधला गेम गाजला होता. 'ओब्रा डिन' विंडोज आणि मॅकवर १८ ऑक्टोबर २०१८ रोजी आला आणि बरोबर एका वर्षाने प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि स्विचवर. कथा, प्रोग्रामिंग, चित्रं, संगीत सगळं पोपचं. आवाज मात्र नटांचे. २०१९ मध्ये स्वतंत्र निर्मात्यांच्या गेमांसाठी असलेल्या 'इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हल'चं सर्वोच्च पारितोषिक याला मिळालं, आणि त्याच वर्षी गेम डिझाइन व कलात्मक कामगिरी या दोन विभागांत ब्रिटनचे बाफ्टा पुरस्कारही.

कथेचा गाभा असा. १८०२ मध्ये लंडनहून पूर्वेकडे निघालेलं 'ओब्रा डिन' हे ईस्ट इंडिया कंपनीचं मालवाहू जहाज केप ऑफ गुड होपला पोचलंच नाही. बुडालं असं समजून कागदोपत्री विषय संपला. १८०७ च्या ऑक्टोबरमध्ये ते इंग्लंडच्या फालमथ बंदरात आपोआप वाहत आलं, फाटक्या शिडांनी, माणसांविना. तुम्ही कंपनीच्या लंडन कार्यालयाचे विमा तपासनीस. जहाजावर एकूण साठ जण होते. प्रत्येक जण कोण होता आणि त्याचं काय झालं, हे एका वहीत भरायचं. बस, गेम एवढाच.

हातात दोन वस्तू मिळतात. पहिली ती वही: त्यात प्रवाशांची आणि खलाशांची यादी, जहाजाच्या मजल्यांचे नकाशे, प्रवासाचा मार्ग, जहाजावरच्या एका चित्रकाराने काढलेली मंडळींची रेखाटनं, आणि जहाजावरच्या शब्दांचा छोटा कोश. दुसरी वस्तू म्हणजे एक खिशातलं घड्याळ. मृतदेहाजवळ ते उघडलं की आधी काळ्या पडद्यावर त्या माणसाच्या मरणाआधीचे आवाज ऐकू येतात, मग मरणाचा तो क्षण गोठलेल्या अवस्थेत समोर उभा राहतो. तुम्ही त्यात फिरू शकता, कशालाही हात लावू शकत नाही.

पायरी पहिली: सुरू करण्यापूर्वी

हेडफोन लावा. ही शोभेची सूचना नाही. कित्येक पुरावे फक्त आवाजात आहेत: कोण कोणाला काय म्हणून हाक मारतो, पावलं कुठून येतात, लाकूड मोडतं की हाड. मोबाइलवर पॉडकास्ट लावून सोबत खेळायचा हा गेम नव्हे.

सेटिंग्जमध्ये पडद्याचा रंग बदलता येतो. गेम पूर्ण दोनच रंगांत आहे, जुन्या मॅकिंटॉशच्या पडद्यासारखा, ठिपक्या-ठिपक्यांनी सावली दाखवणारा. जुन्या वेगवेगळ्या मॉनिटरांच्या छटा दिलेल्या आहेत. त्यातली डोळ्यांना कमी टोचणारी निवडा. पोपने या ठिपक्यांवर फार मेहनत घेतली. कॅमेरा वळवला की ठिपके पडद्यावर मुंग्यांसारखे वळवळू नयेत म्हणून त्याने ते दृश्याला चिकटवण्याची वेगळी पद्धत बसवली. तरीही ज्यांना फर्स्ट-पर्सन, म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या गेममध्ये मळमळतं त्यांनी खोलीतला दिवा चालू ठेवावा आणि तासाभराने उठावं. हा दोष खरा आहे. याच रेखाटनशैलीमुळे जहाज आठवणीत कोरलं जातं आणि याच शैलीमुळे अंधाऱ्या कोपऱ्यातला माणूस उभा आहे की आडवा, हे कळायला कधीकधी दोन मिनिटं जातात.

लहान मुलांसमोर खेळू नका. रक्त काळ्या-पांढऱ्यात असलं तरी मरणं क्रूर आहेत, शस्त्रक्रियेचे प्रसंग आहेत, प्राणी मारले जाण्याचेही आहेत. आणि हेही आधीच माहीत असू द्या की कथेत अद्भुताचा भाग आहे. निव्वळ पोलिसी तपासाची अपेक्षा ठेवून बसलात तर मध्येच खट्टू व्हाल.

वेळ किती लागेल? साधारण आठ ते दहा तास धरा. पण आठवड्यातून एकदा अर्धा तास असं खेळू नका. चेहरे विसरले की सगळं विसरलं. सलग दोन-तीन शनिवार-रविवार मोकळे असतील तेव्हाच हात घाला.

पायरी दुसरी: पहिला मृतदेह नीट बघा

डेकवर चढलात की थोड्या वेळात पहिला सांगाडा दिसेल. घड्याळ उघडा. कप्तानाच्या खोलीच्या दाराशी काही जण जमलेत आणि त्याला उद्देशून ओरडतायत. मग गोळीचा आवाज. चित्र उभं राहतं तेव्हा पिस्तूल धरलेला माणूस समोर आहे आणि गोळी लागलेला कोसळतोय.

आता वही उघडली की ती दोन प्रश्न विचारते: हा कोण, आणि याचं काय झालं? इथेच बहुतेक नवखे गडबडतात, कारण मेलेला माणूस कोण हे कळायला काहीच मार्ग नसतो. पण मारणारा कोण, हे कळतं. बाहेरचे लोक ज्याला 'कप्तान' म्हणतायत तो हाच, आणि यादीत कप्तान एकच आहे. म्हणजे मृताच्या नावाची जागा रिकामी ठेवायची आणि बाकीचं वाक्य भरायचं: गोळी घालून मारलं, अमुक माणसाने.

हा प्रसंग म्हणजे संपूर्ण गेमची शिकवणी आहे. ज्याचा मृतदेह त्याचं नाव त्याच दृश्यात मिळेल असं नाही. एका दृश्यात दुसऱ्याच कोणाची ओळख पटते, आणि या माणसाचं नाव तीन प्रकरणांनंतर भलत्याच ठिकाणी कोणाच्या तरी तोंडून निसटतं. हे एकदा अंगवळणी पडलं की रिकाम्या जागांची भीती जाते.

पायरी तिसरी: गोष्ट उलटी उलगडते, उलटीच बघू द्या

एका आठवणीत, म्हणजे घड्याळाने दाखवलेल्या गोठलेल्या क्षणात, उभे असताना तिथेही एखादा मृतदेह पडलेला असतो. त्याच्यावर घड्याळ उघडलं की त्याच्या मरणाच्या, म्हणजे आणखी मागच्या क्षणात जाता. असं करत एक प्रकरण शेवटाकडून सुरुवातीकडे उलगडतं. वहीची पानं मात्र सरळ क्रमाने लावलेली आहेत, त्यामुळे सगळ्यात शेवटचं प्रकरण तुम्ही सगळ्यात आधी पाहता.

पहिल्या फेरीत नावं शोधायच्या मागे लागू नका, हा माझा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला. जिथपर्यंत जहाज नेईल तिथपर्यंत जा, दृश्यं बघा, सहज कळलेलं तेवढं भरा. साठ जणांमधले पाच-सहा कळले तरी पुष्कळ. कित्येक माणसांची ओळख पटवायला लागणारा पुरावा तुम्ही अजून पाहिलेलाच नसतो. हा अंदाज गेम स्वतः देतो: वहीतल्या रेखाटनात ज्याचा चेहरा धूसर आहे, त्याच्याबद्दलची पुरेशी माहिती अजून समोर आलेली नाही. चेहरा स्वच्छ झाला की समजा, उत्तर काढता येईल एवढं तुम्ही पाहिलं आहे. स्वच्छ चेहऱ्याजवळ त्रिकोणाच्या खुणाही असतात, एक सोपा, तीन अवघड. नव्याने सुरू करणाऱ्यांनी एका त्रिकोणवाल्यांपासून सुरुवात करावी. इतकी साधी मदत गेमने केली आहे आणि ती बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही, कारण गेम ती मोठ्याने सांगत नाही.

इथे पहिली खरी कटकट येते. आठवणीत पहिल्यांदा शिरलात की संगीत ठरावीक वेळ वाजेपर्यंत बाहेर पडता येत नाही. आणि उलट बाजूने, एखाद्या दृश्यात भरपूर काही बघायचं असताना मध्येच वही आपोआप उघडते आणि नोंदी दाखवायला लागते. नंतर एखादी आठवण पुन्हा बघायची तर जहाजावर चालत त्या मृतदेहापर्यंत जावं लागतं. वहीत त्या पानावर बोट ठेवून थेट जाता येत नाही. एखादं दृश्य दुसऱ्या मजल्यावर, त्याला जोडलेलं दुसरं वरच्या डेकवर, की जिने चढउतर सुरू. नवा मृतदेह दाखवायला धुराची रेघ हळूहळू पुढे जाते आणि तुम्ही तिच्यामागे चालायचं. पहिल्या काही वेळा छान वाटतं. शेवटाकडे, फक्त एका माणसाचे बूट पुन्हा बघायचे असताना, हे चालणं फुकटचं आहे असंच वाटतं, आणि ते खरंच फुकटचं आहे. जहाजाची रचना डोक्यात बसावी म्हणून हे मुद्दाम ठेवलं असा बचाव काही जण करतात. मला तो पटतो, पण पहिल्या चार-पाच तासांपुरताच. त्यानंतर थेट जाण्याची सोय दिली असती तर काही बिघडलं नसतं.

उपाय एवढाच की जाताना एका कामासाठी जाऊ नका. आधी वहीत बसून चार शंका लिहून काढा, मग एकाच फेरीत चारही दृश्यं बघून या.

पायरी चौथी: वहीतली सोय वापरा

कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर चांगलंच, पण वहीच इतकी हुशार आहे की तिची ताकद आधी ओळखा.

कुठल्याही माणसावर खूण ठेवली की तो कोणकोणत्या आठवणींत आहे ते वही दाखवते. हे हत्यार सगळ्यात मोठं आहे. एखादा अनोळखी खलाशी घ्या आणि त्याचा माग काढत त्याच्या सगळ्या हजेऱ्या बघा. तो कोणाबरोबर उभा असतो? काम काय करतो? झोपतो कुठे? कोणत्या प्रकरणानंतर दिसेनासा होतो? एका दृश्यात न दिसलेलं चार दृश्यांत मिळून दिसतं.

प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी त्या काळात गायब झालेल्यांची यादी येते. ती वगळून पुढे जाऊ नका. मृतदेह सापडला नाही म्हणजे माणसाचं कोडं सुटलं असं नसतं. त्याचं काय झालं हे तुम्हालाच भरायचं असतं, आणि भरायच्या पर्यायांत जिवंत असण्याचाही पर्याय आहे.

चित्रकाराची रेखाटनं शांतपणे बघा. माणसं तिथे कशीही उभी केलेली नाहीत. कोण कोणाच्या घोळक्यात आहे, कोणाच्या हातात काय आहे, यावर बरंच अवलंबून आहे. यादीत प्रत्येक नावापुढे क्रमांक आहे, पद आहे, देश आहे. क्रमांक नुसता मोजणीसाठी नाही, एवढंच सांगतो.

पदांचे शब्द मात्र आधी समजून घ्या, कारण इंग्रजी येत असलं तरी जहाजावरचं इंग्रजी वेगळं असतं. 'बोसन' म्हणजे खलाशांचा मुकादम. 'मेट' हे कप्तानाखालचे अधिकारी, पहिला, दुसरा, तिसरा अशा उतरत्या क्रमाने. 'मिडशिपमन' म्हणजे अधिकारी होण्यासाठी शिकत असलेली तरुण पोरं, त्यांचा गणवेश वेगळा. 'टॉपमन' डोलकाठीवर चढून शिडं सांभाळणारे, 'सीमन' साधे खलाशी. 'स्ट्युअर्ड' म्हणजे अधिकाऱ्यांच्या दिमतीचा नोकर. यादीत कोणाचा स्ट्युअर्ड कोण ते लिहिलेलं आहे, तेव्हा अधिकारी ओळखला की त्याच्या मागेपुढे वावरणाऱ्याकडे बघा. ही उतरंड डोक्यात ठेवून दृश्यं पाहिली तर निम्मी माणसं कपड्यांवरून गटांत पडतात, आणि गट पडले की काम सोपं होतं.

पायरी पाचवी: तिनाचा नियम

साठांपैकी तीन जणांची माहिती पूर्ण बरोबर भरली की गेम ती पक्की करतो आणि वहीत ती छापील अक्षरांत उमटते. एक बरोबर असेल तर काही होत नाही. दोन असतील तरी नाही. तीन लागतात.

हा नियम या गेममधली सगळ्यात हुशार गोष्ट आहे असं मला वाटतं. एकेक उत्तर लगेच तपासता आलं असतं तर सगळे जण नावं फिरवून बघत बसले असते. साठही एकदम तपासली असती तर कोणी पूर्णच केला नसता. तीनमुळे तुम्हाला स्वतःच्या तर्काशी थोडा वेळ एकटं बसावं लागतं, आणि मग एकदम तीन नावं पक्की झाली की जो आनंद होतो तो मला दुसऱ्या कोणत्याही गेमने दिलेला नाही.

पण या नियमाला भोक आहे. दोन नावांची खात्री असेल आणि तिसऱ्याबद्दल चार पर्यायांत शंका असेल, तर चारही एकामागून एक घालून बघता येतात. कोणीतरी बरोबर निघतोच. शेवटाकडे साधे खलाशी आणि टॉपमन उरतात तेव्हा जवळपास सगळेच जण हे करतात. माझं मत असं की सुरुवातीच्या तीस-पस्तीस नावांसाठी हे बिलकूल करू नका, कारण तुक्क्याने मिळालेलं नाव पुढच्या नावाचा पुरावा हिसकावून घेतं. शेवटच्या आठ-दहांसाठी केलंत तर पाप नाही. त्यातल्या काहींचे धागे इतके बारीक आहेत की पायातली पादत्राणं किंवा क्षणभर दिसणारा हात एवढ्यावरच सगळं उभं आहे.

मरणाचा प्रकार निवडतानाही अडखळायला होतं. चिरडला, भोसकला, फाडला असे अनेक शब्द यादीत आहेत आणि दृश्यात काय झालं ते दिसत असूनही नेमका शब्द कोणता याची शंका राहते. काही मरणांसाठी गेम एकाहून जास्त उत्तरं मान्य करतो, सगळ्यांसाठी नाही. तीनांची माळ पक्की होत नसेल तर नावाइतकाच या शब्दावर संशय घ्या.

आपल्यासाठी जास्त अवघड असलेला भाग

इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, जपानी, रशियन अशा भाषांत गेम आहे, मराठी-हिंदीत नाही. संवाद लिखित दिसतात, त्यामुळे ऐकू न येण्याची अडचण नाही. खरी अडचण उच्चारांची आहे. कोण स्कॉटिश, कोण आयरिश, कोण वेल्श हे बोलण्याच्या ढंगावरून ओळखावं अशी काही ठिकाणी अपेक्षा आहे, आणि लिखित संवादात तो ढंग कुठेच उतरत नाही. इंग्लंडमध्ये वाढलेल्या माणसाला जे सहज कळेल ते पुण्या-मुंबईत इंग्रजी माध्यमात शिकलेल्यालाही कळेलच असं नाही. यात तुमचं काही कमी पडत नाही. गेमने घेतलेलं हे गृहीतक आहे आणि मला ते गेमच्या मोठ्या दोषांपैकी एक वाटतं. सुदैवाने बहुतेक माणसांसाठी उच्चाराखेरीज दुसराही एखादा धागा असतो. आवाजावर अडलात तर तो सोडून द्या आणि कपडे, काम, सोबत याकडे वळा.

जहाजावर चिनी आहेत, रशियन आहेत, फोर्मोसाचे (म्हणजे आजच्या तैवानचे) आहेत, आणि आपले हिंदी खलाशीही आहेत. कंपनीच्या जहाजांवर इथले खलाशी असत, त्यांना 'लास्कर' म्हणत, हा खरा इतिहास आहे. त्यामुळे यादीत 'इंडिया' हा शब्द दिसला तेव्हा मला फार बरं वाटलं. नावं वाचल्यावर थोडं वाईट वाटलं: सोलोमन सय्यद, विल्यम वासिम. जहाजाच्या एकेका दोरखंडाचा अभ्यास केलेल्या माणसाने इथे इतकी सैल नावं का दिली असतील, हे मला उमगलेलं नाही. चेहरेपट्टी आणि देश यांवरून माणूस ओळखायला लावणंही मधूनमधून खटकतं. मात्र ही माणसं जहाजावर नुसती गर्दी म्हणून नाहीत. त्यांचंही मरण तितक्याच गांभीर्याने दाखवलंय, त्यांचंही नाव शोधल्याशिवाय वही पुरी होत नाही. कप्तान आणि खलाशी वहीत सारख्याच जागा घेतात. माझ्या दृष्टीने ही गेमची मोठी नैतिक बाजू आहे.

आणखी एक गोष्ट मराठी वाचकाला जाणवल्याशिवाय राहणार नाही. हे जहाज कंपनीचा माल घेऊन निघालं त्याच वर्षाच्या अखेरीस, ३१ डिसेंबर १८०२ ला, वसईचा तह झाला आणि पुढच्या सप्टेंबरात असईची लढाई. आपल्याकडे कंपनी म्हणजे राज्य बळकावणारी सत्ता. गेममध्ये ती फक्त पगार देणारी आणि नुकसानीचा हिशेब मागणारी कचेरी आहे. पोपने कंपनीबद्दल भाष्य जवळजवळ केलेलंच नाही. फक्त शेवटी तुमच्या अहवालावरून कोणाच्या वारसांना किती भरपाई आणि कोणाच्या मालमत्तेतून किती दंड, याची कोरडी यादी येते. साठ माणसांचं दुःख पौंडांत मांडलेलं ते पान वाचून जे वाटायचं ते वाटतं. याहून जास्त बोलायला हवं होतं असं मला आधी वाटायचं, आता तेवढंच पुरेसं वाटतं.

पायरी सहावी: अडल्यावर काय करायचं

वॉकथ्रू, म्हणजे इंटरनेटवरची उत्तरांसकटची मार्गदर्शिका, उघडू नका. हा गेम एकदाच खेळता येतो. उत्तरं एकदा कळली की पुन्हा न कळलेली करता येत नाहीत, आणि दुसऱ्यांदा खेळण्यासारखं त्यात फारसं उरत नाही. कोड्यांवर उभ्या असलेल्या कोणत्याही गेमची ही मर्यादा असते, इथे ती फार तीव्र आहे. त्यामुळे एकेक फुटलेलं उत्तर म्हणजे कायमचं गेलेलं उत्तर.

त्याऐवजी जो सुटत नाही त्याला सोडून त्याच दृश्यातल्या दुसऱ्या माणसाकडे बघा. मृतावर नजर खिळते आणि मागे जिन्यावर उभा असलेला माणूस निसटतो, हे फार होतं. दृश्यात शिरलात की आधी मृताकडे पाठ करून गोल चक्कर मारा. भिंतीपलीकडे, जाळीच्या खाली, उघड्या दारातून पलीकडच्या खोलीत डोकवा. एकाच क्षणी जहाजाच्या दुसऱ्या टोकाला काय चाललंय तेही त्या गोठलेल्या चित्रात असतं. हे लक्षात आल्यावर खेळणाऱ्याचा वेग एकदम वाढतो.

तरीही जमलं नाही तर आधी खेळलेल्या मित्राला गाठा, आणि त्याच्याकडून उत्तर घेऊ नका, फक्त 'कोणती आठवण पुन्हा बघू' एवढंच विचारा. जवळ कोणी असेल तर दोघांनी एकत्र खेळलात तर फारच उत्तम. गेम एकट्याचा आहे, पण एक जण वही बघतोय आणि दुसरा पडद्यावरचे चेहरे, अशी जोडी त्याला फार छान साजते.

पायरी सातवी: जहाज सोडण्यापूर्वी

सगळ्या आठवणी बघून झाल्या की हवा बिघडते आणि तुम्हाला घेऊन आलेला नावाडी निघायची घाई करायला लागतो. नवखे इथे घाबरून निघून जातात. त्याच्याकडे दुर्लक्ष करा. वेळेची मर्यादा नाही, तुम्ही हवा तितका वेळ थांबू शकता, आणि खरा तपास बहुतेकांचा इथूनच सुरू होतो. वही अर्धवट ठेवून निघालात तर गेम संपतो, पण अपुरा. आठवं प्रकरण तोपर्यंत कोरं असतं. ते बघायचं असेल तर उरलेल्या सगळ्यांची नावं आणि मरणं भरून, मगच नावेत बसा.

त्या आठव्या प्रकरणाबद्दल अपेक्षा थोडी आवरती ठेवा. तिथे जे कळतं त्याने कथेतल्या एका मोठ्या 'का'चं उत्तर मिळतं, पण तोपर्यंत तुम्ही मनात जे चित्र रंगवलेलं असतं त्याच्या मानाने ते आखूड वाटतं. शिवाय ज्या माणसांना आपण फक्त त्यांच्या मरणाच्या क्षणी भेटलो, त्यांचं जगणं आपल्याला कधीच फारसं कळत नाही. काही खेळाडूंना हा गेम म्हणूनच थंड वाटतो. मला वाटला नाही. एका माणसाचा माग काढत सहा-सात दृश्यांतून जाताना, तो कोणाला वाचवायला धावला आणि कोणाला सोडून पळाला हे दिसतं, आणि त्यातून तो माणूस जेवढा कळतो तेवढा संवादांनी भरलेल्या मोठमोठ्या गेममध्येही कळत नाही.

हा संपल्यावर याच जातीचं आणखी काही हवं असेल तर २०२२ मध्ये आलेला लाटव्हियातल्या दोन भावांचा 'द केस ऑफ द गोल्डन आयडल' घ्या. तिथेही गोठलेले मृत्यूचे प्रसंग आहेत आणि नावं-शब्द जोडून वाक्य पुरं करायचं आहे. प्रसंगांमध्ये थेट ये-जा करता येते, दोन किंवा त्याहून कमी चुका उरल्या की गेम तसं सांगतो, आणि अडलात तर मदतही आहे. ओब्रा डिनमधल्या ज्या कटकटी वर सांगितल्या त्यातल्या बऱ्याच तिथे नाहीत. ज्यांना जहाजावरची ती चढउतार अजिबात झेपणार नाही असं वाटतं, त्यांनी तो आधी खेळून मग ओब्रा डिनकडे आलं तरी चालेल.